नवरीची हळद उतरेना

मुलांचं रक्षण करण्याचा पगार मी बरीच वर्षं घेतला. शहापुरात एका संस्थेचं छोटं ऑफिस होतं, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. खाली तांदूळ-नाचणी दळली जायची आणि वर आम्ही अहवाल दळायचो. शहापूर आणि मुरबाड असे दोन तालुके माझ्याकडे. कुठे मूल हरवलं, कुणी पोराला मारतंय, कुठे अल्पवयीन मुलीचं लग्न ठरलंय, की हेल्पलाइनवरून आमच्याकडे निरोप यायचा आणि मी निघायचे. घरी जायचं, चौकशी करायची, अहवाल लिहायचा, आणि अगदीच गरज पडली तर मुलाला बालकल्याण समितीपुढे उभं करायचं. हुद्दा केस वर्करचा. वाड्यापाड्यांवर मात्र मला ‘पोरं नेणारी बाई’ म्हणायचे. मी लांबून दिसले की आया पोरांना आत ओढायच्या. मला वाटायचं, काय माझा दरारा.

त्या बाईबद्दल मी आता परक्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलते. चाळिशी ओलांडलेली, गळ्यात ओळखपत्र, नाकावर गॉगल, खांद्याला ढब्बू पिशवी. पिशवीत कायद्याचं पुस्तक आणि भावनांची कार्डं. ही कार्डं म्हणजे हसरे, रडके, रागीट, घाबरलेले असे चेहरे छापलेले पुठ्ठे. मुलाला बोलता येत नसेल तर त्यानं चेहरा निवडून दाखवावा, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ती कार्डं मी पत्त्यांसारखी सराईतपणे पिसायचे. नातवंडांबरोबर भिकार-सावकार खेळताना ते शिक्षण आता सार्थकी लागतंय.

तर एका मे महिन्यात हेल्पलाइनचा निरोप आला. खर्डीच्या पलीकडे डोंगरात एक वाडी आहे, तिथून कुणा बाईनं फोन केला होता. ‘उद्या लग्न आहे, थांबवा, नवरी तयार नाही,’ एवढंच बोलली आणि रेंज गेली. नवरीचं वय कळलं नव्हतं. पण वय विचारायला मी कशाला थांबते? डोंगरातली वाडी, मे महिना, तयार नसलेली नवरी. माझ्या डोक्यात अहवाल लिहून तयार झाला, फक्त नाव भरायचं बाकी होतं.

सकाळी गाडी काढली. बरोबर गावचे ग्रामसेवक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, कारण बालविवाह थांबवण्याचा अधिकार कायद्यानं त्यांच्याकडे; आणि पोलीस ठाण्यातून मिळालेल्या एक महिला हवालदार. गाडी जिथवर जाते तिथवर गेलो, पुढे चढण. हवालदारबाई धापा टाकत म्हणाल्या, “मॅडम, लग्न थांबवायला लग्नाच्या वेळेत पोचलं पाहिजे ना?” मी म्हणाले, “म्हणूनच भराभर चला.” भाऊसाहेब अशा कामात नेहमी माझ्या मागे दहा पावलं चालायचे, म्हणजे दगड आलाच तर आधी मला लागावा.

वाडीत मांडव घातला होता, जांभळीच्या डहाळ्यांचा. बँजो वाजत होता. मांडवाच्या तोंडाशीच एक पंधराएक वर्षांची मुलगी उभी, अंगावर नवी साडी, दोन्ही गालांवर हळद. मी झडपच घातली. तिचा हात धरला, बँजोवाल्याला हातानं थांब म्हणून सांगितलं आणि प्रशिक्षणात शिकवलेल्या मऊ आवाजात म्हणाले, “बाळ, घाबरू नकोस. आता तुला कुणी काही करणार नाही.”

ती घाबरलेली नव्हतीच. तिनं माझ्या गॉगलमध्ये स्वतःचे हळदीचे गाल पाहून घेतले.

“वय किती तुझं?”

“पंधरा.”

मी भाऊसाहेबांकडे असं पाहिलं जसं काही गुन्हेगार मुद्देमालासकट सापडला. “हे लग्न होणार नाही,” मी मांडवाला जाहीर केलं. “आईला बोलाव तुझ्या.”

“आईला उठता येत नाय.”

“का? आजारी आहे?”

“नवरी हाय.”

मांडवात जे हसू फुटलं ते मला अजून ऐकू येतं. बँजोवाल्यानं तर वर एक तुकडा वाजवून घेतला. लग्न त्या मुलीच्या आईचं होतं. आणि बापाचं, एकमेकांशी. गालावरची हळद नुसती चुलत बहिणींनी फासलेली.

आता हे मला कळायला नको होतं का? मी मुरबाडच्या शेतकरी घरातली. आमच्या भाताच्या लावणीला डोंगरातली माणसं यायची, त्यांच्यातली निम्मी जोडपी लग्नाशिवाय नांदणारी. मुलगी मुलाच्या घरी राहायला येते, संसार सुरू होतो, पोरं होतात. लग्नाचा खर्च जमेल तेव्हा लग्न. कुणाचं दोन वर्षांनी लागतं, कुणाचं नातवंडं झाल्यावर. लहानपणी मी अशा एका लग्नात नवरीच्या मुलीशी गोट्या खेळलेय. पण गळ्यात ओळखपत्र घातलं की माणसाला लहानपण आठवत नाही.

लग्न लावणारी धवलेरी मांडवात बसली होती. या वाड्यांवर भटजी नसतो, गाणी म्हणत लग्न लावणारी ही म्हातारीच सर्वेसर्वा. तिनं विचारलं, “काय गो बाय, हिचं वय कमी पडतंय काय? हिची तीन पोरं मोजून घे, मंग सांग.”

दुसरी एक बाई म्हणाली, “थांबवायचं तं सोळा वर्सां आधी यायचं होतं. गाडी चुकली काय?”

मी गप्प बसायला हवं होतं. पण एवढ्या वर आलोय तर जनजागृती करूनच जाऊ, म्हणून मी बँजोवाल्याचा माइक घेतला आणि अठरा आणि एकवीस वर्षांवर भाषण केलं. नवरा अडतीसचा, नवरी तिशी ओलांडलेली. दोघं पाटावर बसून लक्षपूर्वक ऐकत होती. मग धवलेरीनं लग्न लावलं, आम्हाला भात, डाळ आणि वालाची भाजी वाढली, आणि मी तीनदा भात घेतला.

निघताना नवरीला अक्षता लावायला वाकले. तिनं माझं मनगट धरलं. डोळे वर करून हळूच म्हणाली, “थांबवलं नाय तुमी?”

“अगं, तुझं कशाला थांबवू?” मी मोठ्यानं म्हणाले, म्हणजे सगळ्यांना माझा विनोद ऐकू यावा. “तू आता थांबण्यासारखी राहिली आहेस का?”

सगळे हसले. ती हसली नाही. मला वाटलं, लाजली.

गाडीत बसलो. हवालदारबाई पोट सैल सोडून म्हणाल्या, “चला, आईचं उरकलं. आता लेकीचं.” त्या आपल्या सहज बोलल्या. मी पण सहज हं म्हटलं, आणि पुढच्या वळणावर मला त्या बोलण्याचा अर्थ लागला.

कारण आई-बापाचं लग्न लागलं नसेल तर पोरांचं लावत नाहीत. हे मला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, कल्याणला एका शिबिरात मी त्यावर तासभर बोलले होते, पडद्यावर चित्रं दाखवून. सोळा वर्षं ज्यांचं लग्नावाचून अडलं नाही, त्यांना यंदाच्या मे महिन्यात घाई का? घरात पंधरा वर्षांची मुलगी आहे म्हणून. मांडव एक, जेवणावळ एक, बँजो एक. आज आईचं, उद्या लेकीचं. आणि मी त्यातल्या पहिल्या लग्नाला आशीर्वाद देऊन, पोटभर जेवून, खाली निघाले होते.

“गाडी वळवा,” मी म्हणाले.

“काय विसरलं मॅडम?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“डोकं,” मी म्हणाले.

पुन्हा चढण. या खेपेला मी मुलीला घरामागे मोहाच्या झाडाखाली नेलं आणि तिच्यापुढे भावनांची कार्डं मांडली. तिनं ती नीट पाहिली, रागीट चेहऱ्याचं उचललं आणि म्हणाली, “ही तुमच्यासारखी दिसते.”

मी कार्डं गोळा केली. “उद्या तुझं लग्न आहे ना?”

“हां.”

“मुलगा पाहिलास?”

“वाशिंदला कंपनीत हाय. मुरबाडकडचा. चांगला हाय म्हणतात.”

“आणि तू काय म्हणतेस?”

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. “मला आश्रमशाळंत दहावीला बसायचंय. पन आता भाऊ पन लहान हायेत, दिवाळीनंतर बाबा-आई वीटभट्टीवर जातात, शाळा सुट्टीत घरी पाठवते, बाबा म्हणतो तुला कुठं ठेवू. नवऱ्याच्या घरी ऱ्हा.”

“आईला सांगितलंस का तुला नको आहे ते?”

आता तिनं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. “आईनंच तं फोन केला तुमाला. चुलतीचा मोबाइल घेऊन. नवरी तयार नाय बोलली.”

“अगं, पण तिनं तुझं नाव तरी सांगायचं.”

“रेंज गेली. आन् ती खोटं काय बोलली? ती नव्हतीच तयार.”

म्हणजे आपलंच लग्न थांबवा म्हणून जिनं सरकारदरबारी फोन केला, ती पाटावर बसून वाट पाहत होती, आणि जिला फोन गेला ती बाई माइकवर अठरा आणि एकवीस करत होती.

मग मी बापाला गाठलं. दुष्ट बाप असता तर मला बरं झालं असतं, माझी तयारी दुष्ट बापाची होती. हा नवरदेवाच्या बाशिंगात घामेघूम झालेला साधा माणूस. भट्टीवर मुलगी नेली तर मालकाची, ट्रकवाल्यांची भीती. वाडीत ठेवली तर सोबत कुणी नाही. मी त्याला कायदा वाचून दाखवला, तुरुंग, दंड, सगळं. तो दरवेळी मान हलवायचा. “नाय लावत उद्या,” तो म्हणाला. भाऊसाहेबांनी हमीपत्र लिहिलं, त्यानं सही केली, आणि मी कागद पिशवीत घालून विजयी मुद्रेनं नवरीकडे गेले.

“झालं काम,” मी सांगितलं. “लिहून दिलंय त्यानं.”

“उद्या नाय लावायचं, असंच लिवलंय ना?” ती म्हणाली. “परवा नवऱ्याच्या मामाकडं लावतील. तिकडं तुमची गाडी पन जात नाय.”

कायदा तारीख थांबवतो, हे ती माझ्याआधी ओळखून होती. मी विचारलं, “मग आधी का नाही बोललीस कुणाला?”

“पंधरा वर्सां बोलतेच हाय. पोरगी झाली तवापासनं. म्हणायची, मंगळसूत्राला मना बारीक मणी नको, मोठे पायजेत. म्हणायची, बँजो पायजे, बँड पायजे. माझं लागंपर्यंत पोरीचं कसं लागंल? सगळी म्हणायची, हिला लय नटायची हौस हाय.” ती माझ्याकडे सरकली. “मी या घरात आली तवा मना भाकर थापता येत नव्हती, बाय. सासू हातावर उलथणं मारायची. पोरीहून ल्हान होती मी.”

संध्याकाळी धवलेरी नवरीचं हळकुंड सोडायला आली. लग्नात मनगटाला हळकुंड बांधतात. लग्न लागलं की ते सोडायचं, अंगावरची हळद पाण्यानं उतरवायची, म्हणजे नवरीपण संपलं. सासरच्या बायका हंडे घेऊन उभ्या. नवरीनं हात पदराखाली घेतला.

“दे गो हात,” धवलेरी म्हणाली.

“नाय.”

“म्हणजे?”

“मना अजून नवरी ऱ्हायचंय.”

बायका हसल्या. आणि मी, जिनं त्या दिवशी चुकायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं, मध्येच म्हणाले, “अगं, कर की अंघोळ, केवढं उकडतंय.” धवलेरीनं मला हातानंच गप्प केलं. ती नवरीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिला काय उमगलं कोण जाणे, मांडवाकडे वळून म्हणाली, “नवरीनं मागितल्याबिगर पानी घालता येत नाय. तशी रीत हाय.”

सासू म्हणाली, “अगो, पन पोरीला पयली हळद आईनं लावायची. हिच्या आंगावर हळद असताना ही कशी लावंल?”

“नाय लावता यायची,” धवलेरी म्हणाली, आणि पान लावायला बसली.

नवरदेव बाशिंग हातात घेऊन बायकोकडे बघत होता. आपण नेमकं कुणाशी लग्न केलं, हे त्याला पहिल्यांदा दिसत असावं.

पुढे आठवड्यानं तो आमच्या ऑफिसात आला. पिठाच्या गिरणीचा जिना चढून, दारात चपला काढून. मी खुर्ची दिली, तो खाली बसला.

“हे पोरांसाठी ऑफिस ना, बाई?”

“हो.”

“मंग माझ्या पोरांचे हाल चाललेत. आई हाय पन बघत नाय. बायको नवरी होऊन बसलेय.”

मी वही पुढे ओढली. दुर्लक्षाची तक्रार होती, ती घ्यायलाच हवी. “सविस्तर सांगा.”

सविस्तर असं होतं की अंगावर हळद असलेली नवरी चुलीपाशी जात नाही, पाणी भरत नाही, शेतावर जात नाही, उंबऱ्याबाहेर फार लांब जात नाही. रोज सकाळी ती उठून ताजी हळद वाटून लावते आणि मांडवात खाटेवर बसते. आयाबाया येतात, गप्पा मारतात, गाणी म्हणतात. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे राहिलेत. पाणी तो आणतो. भाकऱ्या तो थापतो. बोटं भाजलेली त्यानं मला दाखवली.

“धाकट्यांना अंघोळ कोण घालतं?”

“मीच.”

“जेवायला वेळेवर मिळतं त्यांना?”

“मिळतं. भाकर जाड होते जरा.”

“मग हाल कुणाचे चाललेत?”

तो विचारात पडला. “माजे.”

“वय किती तुमचं?”

“अडतीस.”

“तुमची केस आमच्याकडे बसत नाही,” मी म्हणाले. “अठराच्या आतले लागतात.”

तो उठला, चपला घातल्या, पुन्हा दारातून वळून म्हणाला, “तुमीच शिकवलं असंल तिला.” शपथेवर सांगते, मला आयुष्यात एवढा मोठा मान कुणी दिला नाही. आणि तो खरा नव्हता.

तक्रार आली म्हणजे गृहभेट आली. मी गेले. मांडवाच्या डहाळ्या वाळून कुरकुरत होत्या. खाटेवर नवरी, पिवळीजर्द, तोंडावर माशा. मे महिन्यात हळद अंगावर ठेवणं म्हणजे काय, ते तिच्या मानेवरच्या घामोळ्यांवरून कळत होतं. येणारीजाणारी विचारायची, “काय नवरी, कवा उतरनार गो?” आणि ती म्हणायची, “माझी हौस फिटली का उतरीन.” आतून भाकरीचा करपट वास येत होता. मुलगी खाटेच्या पायाशी बसून मागच्या वर्षीचं विज्ञानाचं पुस्तक वाचत होती, भाऊ एकमेकांना बडवत होते. सगळं घर ठणठणीत होतं. मी अहवालात लिहिलं की मुलांची काळजी वडील समाधानकारक घेत आहेत. हे वाक्य माझ्या सगळ्या नोकरीत मला एकदाच लिहायला मिळालं.

वाशिंदच्या मुलाकडच्यांनी दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा पाठवला तो रागाचा, आणि मग त्यांनी दुसरी मुलगी पाहिली. त्या दुसऱ्या मुलीचं वय काय होतं, ते मला कुणी फोन करून कळवलं नाही. बहुतेक तिची आई आधीच लग्न झालेली असावी.

इकडे ठाण्याला माझा अहवाल गेला. त्यात हळद, हळकुंड, धवलेरी असलं काही लिहायला रकाना नव्हता. म्हणून मी लिहिलं, ‘समुपदेशनाद्वारे बालविवाह रोखण्यात आला.’ साहेब खूश झाले. पुढे एका कार्यक्रमात मला शाल आणि नारळ मिळाला. फोटो काढला, फोटोत मी एकटीच. समुपदेशन म्हणजे त्या प्रकरणात मी एकच सल्ला दिला होता, की अंघोळ करून घे, उकडतंय. तो तिनं मानला असता तर शाल मिळाली नसती.

दुसऱ्या भेटीत नवरीनं मला जवळ बोलावलं. “शाळा कवा उघडते?”

“सोमवारी.”

“सोमवारपास्नं वसतिगृहात घेतात ना? दिवाळीपातुर घरी नाय ना पाठवत?”

मी म्हटलं नाही पाठवत, मी स्वतः मुख्याध्यापकांशी बोलते. आणि दिवाळीच्या सुट्टीत आणि त्यानंतरही तिला तिथेच ठेवून घेण्याची सोय करते, आई-बाप भट्टीवरून येईपर्यंत. एवढं एकच काम त्या सगळ्या प्रकरणात माझ्या कुवतीचं होतं, आणि ते मी केलं. मुलगी दहावीला बसली, गणितात नापास झाली, परत बसली, पास झाली.

पण तो सोमवार. मी पाठपुरावा भेट म्हणून गेले होते, खरं तर बघायला. बापानं मुलीची पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली. त्यालाच जावं लागलं, नवरी वाडीबाहेर जाऊ शकत नव्हती. वाटेवर तो पुढे, मुलगी मागे, खाली टेम्पो उभा. आई खांबाला धरून उभी होती. ती रडली वगैरे नाही. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, वळणावर एकदा दिसला, मग दिसेनासा झाला. तरी ती उभीच. बाप शाळेत मुलीचं नाव पटावर चढवून परत येईपर्यंत ती खाटेवर बसली नाही की कुणाशी बोलली नाही.

दुपार टळल्यावर तो एकटा चढण चढून आला. “घेतली,” तो म्हणाला. “खाट बी दिली तिला.”

तेव्हा तिनं धवलेरीला बोलावणं धाडलं. बायका जमल्या. कुणी तरी माझ्या हातातही हंडा दिला आणि मी निमूट हातपंपावर गेले. ओळखपत्र पाण्यात भिजलं. हंडे ओळीनं लागले. नवऱ्यानं त्यातला एक उचलला आणि तिच्यासमोर येऊन अडखळत उभा राहिला.

“गार घालू का ऊन?”

“ऊन कर,” ती म्हणाली.

तो हंडा घेऊन चुलीकडे वळला, खाली बसून जाळ फुंकायला लागला, आणि तोवर तिनं हळकुंडाचा हात धवलेरीपुढे केला.